तळणीच्या तेलावर जुनी डिझेल गाडी : आधी तेल निवळू द्या

वडापावच्या गाड्यावर, फरसाणाच्या भट्टीवर किंवा मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात तळणीनंतर उरलेले तेल जुन्या डिझेल गाडीत जाळता येते. मात्र ते डब्यातून थेट टाकीत ओतता येत नाही. तसे ओतणाऱ्याला आज ना उद्या इंधनाचा पंप आणि इंधन फवारणारे नोझल यांचा खर्च सोसावा लागतो, आणि तो खर्च वाचलेल्या डिझेलच्या कितीतरी पट असतो. हा विषय निघाला की गाडीत काय बदल करायचे हेच लोक आधी विचारतात. माझा अनुभव असा आहे की गाडीतले काम दोन-तीन दिवसांत संपते, तेलाचे काम मात्र गाडी चालेल तोवर संपत नाही. म्हणून या लेखात गाडीपेक्षा तेलाला अधिक जागा दिली आहे. कितीही बारीक फिल्टर लावला तरी त्यातून पाणी जाते, मीठ विरघळलेले पाणीही जाते आणि कोमट तेलात विरघळलेली चरबीही जाते; तेल खऱ्या अर्थाने स्वच्छ होते ते निवळल्याने, आणि निवळायला वेळ द्यावा लागतो.

मी या उद्योगात पडलो त्याचे कारण केवळ डिझेलचा भाव नव्हते. मोठ्या भट्टीतले काळे झालेले तेल डब्याच्या हिशेबाने छोट्या गाड्यांवर विकले जाते आणि तिथे पुन्हा कढईत जाते, हे सांगलीत मी स्वतः पाहिले आहे. त्या तेलातले वडे शाळेतली मुले खातात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापल्याने तयार होणारी घातक संयुगे, २५ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत असे बंधन घातले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असे तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्यासाठी ‘रुको’ नावाची मोहीम सुरू केली. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्या व्यावसायिकाने त्याची नोंद ठेवून उरलेले तेल अधिकृत संकलकालाच द्यावे, हा नियम १ मार्च २०१९ पासून आहे. त्यामुळे मोठ्या हॉटेलच्या दारात आपण डबा घेऊन उभे राहू नये; आपल्या वाट्याचे तेल घरगुती तळणीचे, एखाद्या लग्नकार्याचे किंवा छोट्या गाड्याचे असावे.

कोणत्या गाडीत चालेल

डिझेल इंजिन मुळात शेंगदाणा तेलावर चालवण्यासाठीच बनवले होते, असे छातीठोकपणे सांगितले जाते आणि त्यासाठी १० ऑगस्ट या जागतिक जैवइंधन दिनाचा दाखला देतात. १० ऑगस्ट १८९३ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्गला रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनात पहिल्यांदा इंधनाने पेट घेतला, हे बरोबर आहे. शेंगदाणा तेलाचे प्रात्यक्षिक मात्र १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात झाले, आणि तेही एका छोट्या, एका जागी बसवलेल्या इंजिनावर. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आजच्या गाडीचे इंजिन त्या इंजिनासारखे राहिलेले नाही.

अडचण दाटपणाची आहे. ४० अंश सेल्सिअसला डिझेलचा दाटपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक्स असतो, तर खाद्यतेलाचा ३५ ते ४० असतो आणि तळून झालेल्या तेलाचा त्याहूनही थोडा जास्त. इतके दाट तेल नोझलमधून धुक्यासारखे फवारले न जाता धारेसारखे पडते, पूर्ण जळत नाही, नोझलच्या तोंडाशी काजळी धरते आणि उरलेले पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. ७० अंशांपर्यंत तापवल्यावर हा दाटपणा सुमारे एक-तृतीयांशावर येतो. डिझेलइतके पातळ ते तेव्हाही होत नाही, पण जुने इंजिन ते सोसू शकते.

ज्या इंजिनात इंधन आधी छोट्या पूर्व-कक्षात फवारले जाते आणि तिथून पेट घेऊन सिलिंडरमध्ये येते, ती इनडायरेक्ट इंजेक्शनची इंजिने या कामाला योग्य आहेत. सुरुवातीची १४०५ सीसीची इंडिका, १९४८ सीसीची जुनी सुमो, पूजो पद्धतीचे इंजिन असलेली मार्शल, डिझेलची अॅम्बॅसेडर या गाड्या त्यात मोडतात. नाव एकच म्हणून इंजिन एकच असे समजू नये. नंतरच्या इंडिकात डायकॉर आणि क्वाड्राजेट ही कॉमन रेल, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सर्व सिलिंडरना मोठ्या दाबाने इंधन देणारी, इंजिने आली, आणि ती या कामाला पूर्णपणे वर्ज्य आहेत. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, नोझलची छिद्रे केसाएवढी असतात आणि संगणक प्रत्येक थेंबाचा हिशेब डिझेल गृहीत धरून करतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत धुराड्यात काजळीचा फिल्टरही असतो, तो तेलाने लवकर तुंबतो. अशा गाडीचा मालक मला विचारायला आला तर मी त्याला वाटेला न लावता बसवून समजावतो आणि तेल टाकू नका एवढेच सांगतो.

इनडायरेक्ट इंजिनातही फ्युएल पंप कोणता आहे ते पंपाच्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावे. रांगेतला, म्हणजे इनलाइन पंप सर्वांत कणखर. रोटरी पंपांत काही प्रकार दाट तेलाच्या ओढीने तुटतात, आणि पंप तुटल्यावर दुरुस्तीचा आकडा जुन्या गाडीच्या किमतीशी बरोबरी करू लागतो. इंजिन आधीच धूर टाकत असेल, कॉम्प्रेशन उतरलेले असेल किंवा सकाळी हीटर प्लग तापवूनही सहज चालू होत नसेल, तर आधी ते दुरुस्त करावे. तेलाने कुठलाही जुना दोष बरा होत नाही.

ज्यांच्या मळ्यात किंवा गुऱ्हाळावर लिस्टर पद्धतीचे, मिनिटाला ६५० फेऱ्यांचे जुने इंजिन पडून आहे, त्यांनी पहिले धडे त्यावरच गिरवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. ते इंजिन संथ चालते, उघडून पाहायला सोपे असते आणि रस्त्यात बंद पडत नाही.

तेल कुठले घ्यावे

ज्याच्याकडून तेल घ्यायचे त्याच्याशी आधी सविस्तर बोलावे. माझ्या ओळखीच्या एका गाडेवाल्यांना मी विनंती केली, “अण्णा, तेल गार झाल्यावरच डब्यात ओता आणि त्यात पाणी जाऊ देऊ नका.” ते म्हणाले, “सर, झाकण हाय की डब्याला, पाणी कुठनं जातंय?” नंतर लक्षात आले की पाणी बाहेरून येत नव्हते, ओल्या झाऱ्यातून, बटाट्याच्या सारणातून आणि कढई विसळून तेच डब्यात ओतण्याच्या सवयीतून येत होते. त्यांना मी एक वेगळा डबा दिला, त्यावर ठळक अक्षरांत लिहिले, आणि तेव्हापासून त्यांचे तेल सर्वांत चांगले येते. १५ किलोच्या डब्यात साधारण १६ लिटर तेल मावते. त्यातले १२-१३ लिटर शेवटी कामाचे निघते असा हिशेब धरावा.

तेलाच्या जातीवर हिवाळ्यातले सगळे अवलंबून असते. गाड्यांवर बहुधा पाम तेल वापरतात. ते टिकाऊ आहे, इंजिनात चिकट पापुद्रा कमी धरते, पण गारठ्यात थिजते. सोयाबीन आणि सूर्यफूल गारठ्यात पातळ राहतात, मात्र हवा आणि उष्णता लागून ती लवकर चिकट होतात, आणि तो चिकटपणा रिंगांवर व इंजिन ऑइलमध्ये दिसू लागतो. शेंगदाणा या दोहोंच्या मध्ये बसते. वनस्पती तूप आणि मटण-चिकनची चरबी मिसळलेले तेल घेऊच नये. जवसाचे तेल तर रंगात वाळण्यासाठी वापरतात, यावरून ते इंजिनात काय करील याची कल्पना यावी. मी उन्हाळ्यात पाम तेल वापरतो आणि दिवाळीनंतर सोयाबीन-सूर्यफुलाकडे वळतो.

हे शहाणपण मला उशिरा आले. एका डिसेंबरात मी सांगलीहून साताऱ्याला गेलो, रात्री गाडी उघड्यावर ठेवली आणि पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालो. माझ्या गाडीत डिझेल आणि तेल यांच्या दोन वेगळ्या टाक्या आहेत, त्यांविषयी पुढे येईल. गाडी डिझेलवर चालू झाली, बटण तेलावर टाकले, आणि दोन वळणांनंतर तिचा जोर गेला. फिल्टर उघडला तेव्हा त्यात लोण्यासारखा पांढरा गोळा होता. टाकीतले तेल पामचे होते, टाकीला उष्णता पोहोचत होती पण फिल्टरला नव्हती, आणि चूक सर्वस्वी माझी होती. त्यानंतर प्रत्येक खेपेचे थोडे तेल काचेच्या बाटलीत भरून मी एक रात्र फ्रीजमध्ये, गोठवण्याच्या कप्प्याबाहेर, ठेवतो. सकाळी बाटली आडवी केल्यावर जे वाहते ते हिवाळ्याचे तेल; जे गोठून बसते ते मार्चपर्यंत पिंपात थांबते.

निवळणे

यासाठी मला २०० लिटरचे एक लोखंडी पिंप, झाकणासह, पुरते. तळापासून चार बोटे उंचीवर एक तोटी आणि अगदी तळाशी दुसरी तोटी बसवून घ्यावी. वरच्या तोटीतून तेल घ्यायचे, खालच्या तोटीतून साका, म्हणजे तळाशी बसलेला गाळ, काढायचा. पितळेची तोटी, तांब्याची नळी आणि जस्ताचा मुलामा दिलेली जी. आय. पाइप टाळावी, कारण तांबे आणि जस्त यांच्या सान्निध्यात तेल लवकर खराब होते. तांब्याने तर ते झपाट्याने चिकट होते. स्टीलची तोटी महाग पडते, पण एकदाच घ्यावी लागते.

आलेले तेल आधी मांजरपाटाच्या दुहेरी कापडातून गाळून पिंपात घ्यावे, म्हणजे भज्यांचे तुकडे, मिरच्यांची देठे आणि बेसनाची बुंदी तिथेच अडते. हे काम गरम तेलाने करू नये. थंड तेल सावकाश गळते, पण थिजलेली चरबीही कापडावरच राहते. त्यानंतर पिंप उन्हात, काळा रंग देऊन, पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवले तर एप्रिल-मे महिन्यांत वेगळी उष्णता द्यावी लागत नाही. इतर दिवसांत तेल ६० अंशांपर्यंत तापवून, पिंपाभोवती पोती गुंडाळून, शेगडी बंद करून ते तसेच सोडावे. तापलेले तेल पातळ झाल्याने पाण्याचे थेंब लवकर खाली बसतात. पाणी असलेले तेल १०० अंशांच्या वर कधीही नेऊ नये, कारण तळाचे पाणी एकदम वाफ होऊन उकळते तेल बाहेर फेकते. हा अपघात क्षणात होतो आणि त्याचे चटके आयुष्यभर राहतात. तापमापक हातात असल्याशिवाय आणि अग्निशामक जवळ असल्याशिवाय शेगडी पेटवू नये, आणि पेटलेल्या तेलावर पाणी मारू नये.

दुसऱ्या दिवशी खालची तोटी किंचित उघडावी. आधी राखाडी पाणी येते, मग साबणासारखा गढूळ थर, मग काळसर तेल. स्वच्छ तेल दिसू लागेपर्यंत ते वेगळ्या डब्यात जाऊ द्यावे. येथे घाई करणाऱ्याचे सगळे श्रम वाया जातात. मी पहिला साका काढल्यावर तेल किमान तीन आठवडे हलवत नाही, आणि हिवाळ्यात सहा आठवडे. दोन पिंपे असली तर एक निवळत असताना दुसरे वापरता येते. तीन आठवड्यांनी वरच्या तोटीतून निघणारे तेल काचेच्या पेल्यात धरून मागे वर्तमानपत्र ठेवले, तर अक्षरे स्पष्ट वाचता आली पाहिजेत. रंग गडद असला तरी चालेल, ढगाळपणा चालणार नाही.

पाणी गेले की नाही हे पळीत कळते. कोरडी लोखंडी पळी शेगडीवर चांगली तापवून तिच्यात तेलाचे काही थेंब टाकावेत. फोडणीसारखे तडतडले तर पाणी आहे, आणि पिंप पुन्हा तापवून पुन्हा थांबावे. शांतपणे पसरले आणि नुसता धूर आला तर तेल कोरडे आहे. चाचणी करताना चेहरा दूर आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

पाण्यानंतर आंबटपणा. वारंवार तळल्याने तेलात मोकळी आम्ले वाढतात आणि ती पंपातील धातू खातात. ती मोजण्यासाठी प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारे रसायन वापरतात, पण आपल्या भागात त्याहून जवळची वस्तू आहे. हळद आणि चुन्याचे कुंकू कसे होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही चाचणी समजावून सांगावी लागत नाही : अल्कली मिळताच हळदीचा पिवळा रंग लालसर होतो. चिमूटभर शुद्ध हळद थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून तिचा पिवळा अर्क काढावा. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बरोबर एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवावा. मग १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हळदीच्या अर्काचे काही थेंब घालून, रंग जेमतेम लालसर होईपर्यंत सोड्याचे पाणी थेंबथेंब सोडावे. यामुळे अल्कोहोलचा स्वतःचा आंबटपणा हिशेबातून निघून जातो. आता त्यात एक मिलिलिटर तेल घालून ढवळावे, रंग पुन्हा पिवळा होईल, आणि सुईविना इंजेक्शनच्या सिरिंजने तेच सोड्याचे पाणी सोडत राहावे. लालसर रंग पंधरा सेकंद टिकला की किती मिलिलिटर लागले ते वाचावे. ताज्या तेलाला अर्ध्याच्या आसपास लागते, बऱ्या तेलाला एक ते दोन. तीनच्या वर गेलेले तेल मी गाडीत घालत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा हा उपयोग मला विशेष प्रिय आहे.

शेवटी गाळणी. निवळलेले, कोरडे तेल आधी ५ मायक्रॉनच्या आणि मग १ मायक्रॉनच्या बॅग फिल्टरमधून केवळ स्वतःच्या वजनाने उतरू द्यावे. पंप लावून दाबाने ढकलले तर मऊ चरबी दाबली जाऊन पलीकडे जाते. फिल्टर दोन डब्यांतच तुंबत असेल तर फिल्टर दोषी नसतो, तेल पुरेसे थांबलेले नसते.

दुसरी टाकी

एकाच टाकीत डिझेलमध्ये थोडे तेल मिसळून चालवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी तो देत नाही. थंड इंजिनात पहिली पाच-दहा मिनिटे तेल नीट जळत नाही आणि नुकसान त्याच वेळात होते. प्रमाण कमी ठेवल्याने ते नुकसान फक्त उशिरा दिसते. योग्य रीत अशी की गाडीची मूळ टाकी डिझेलसाठी तशीच ठेवावी आणि डिकीत २० लिटरची स्टीलची दुसरी टाकी तेलासाठी बसवावी.

तेल तापवण्यासाठी वेगळी वीज लागत नाही. केबिनच्या हीटरकडे जाणारे कूलंटचे गरम पाणी वळवून ते आधी इंजिनजवळच्या प्लेट पद्धतीच्या हीट एक्स्चेंजरमधून (यात पाण्याची उष्णता तेलाला मिळते), मग तेलाच्या फिल्टरभोवतीच्या वेटोळ्यातून आणि तिथून टाकीतल्या स्टीलच्या नळीतून फिरवावे. फिल्टरभोवतीचे वेटोळे वगळू नये. यवतेश्वरच्या घाटात मी शिकलो ते हेच. तेलाचा फिल्टर डिझेलच्या फिल्टरपासून स्वतंत्र असावा. पंपाकडे जाणाऱ्या आणि पंपाकडून परत येणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांवर विजेवर चालणारे वळण-व्हॉल्व्ह बसवावे लागतात, आणि ते दोन स्वतंत्र बटणांवर ठेवावेत. कारण पुढे दिसेल. पंपाच्या तोंडाशी तेलाचे तापमान दाखवणारा काटा डॅशबोर्डवर असावा. नळ्या जाड आतल्या व्यासाच्या घ्याव्यात, कारण दाट तेल ओढताना पंप जोर लावतो आणि सैल क्लिपमधून हवा आत घेतो. गाडी मध्येच धक्के खाऊ लागली तर नव्वद टक्के संशय हवेवर घ्यावा. पंपाजवळ वीतभर पारदर्शक नळी लावली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बहुधा काढून टाकलेला असतो. तो परत बसवावा, अन्यथा कूलंट हवे तितके तापणारच नाही.

चालवण्याची रीत

गाडी नेहमी डिझेलवर सुरू करावी. कूलंट ८० अंशांवर आणि पंपाशी तेल ७० अंशांवर आल्याशिवाय तेलाचे बटण दाबू नये. याला दहा ते पंधरा मिनिटे लागतात. मुक्कामाच्या पाचेक मिनिटे आधी पुन्हा डिझेलवर यावे. त्या वेळी आधी येणारी नळी डिझेलवर वळवावी, आणि परतीची नळी अर्धा मिनिट तेलाच्या टाकीकडेच राहू द्यावी, म्हणजे पंपातले तेल डिझेलच्या टाकीत जाऊन तिथे साठत नाही. परतीच्या पारदर्शक नळीतला तांबूस रंग जाऊन फिका रंग आला की दुसरे बटण दाबावे. पंपात तेल ठेवून रात्रभर गाडी बंद केली, तर सकाळी ती चालू होणार नाही, आणि ढकलून चालू करण्याचा प्रयत्न पंपाच्या जिवावर बेतू शकतो.

यावरून हेही कळेल की ही व्यवस्था गावातल्या गावात फिरणाऱ्यासाठी नाही. सांगलीहून मिरजेला जाण्यात तेल तापते न तापते तोच मुक्काम येतो. आष्टा, पेठ नाका, कराड असे करत साताऱ्याला जाणाऱ्याला मात्र सव्वाशे किलोमीटरपैकी शंभराच्या वर तेलावर मिळतात. तेलात डिझेलपेक्षा ऊर्जा थोडी कमी असल्याने सरासरी किंचित उतरते आणि चढावर पिकअप थोडा मंद वाटतो, इतकेच.

इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या निम्म्या अंतरावर बदलावे. हा खर्च टाळण्याचा मोह अनेकांना होतो, आणि इंजिने जातात ती याच ठिकाणी : न जळलेले तेल ऑइलमध्ये साठत जाते आणि एके दिवशी सगळे ऑइल ग्रीससारखे घट्ट होते. डिपस्टिकवरची पातळी न ओतता वाढलेली दिसली, तर पुढचा प्रवास रद्द करून ऑइल आधी काढावे. पहिल्या तीन हजार किलोमीटरनंतर नोझल काढून टेस्टिंगला द्यावेत. फवारा एकसारखा असेल तर पुढे वर्षातून एकदा पुरे.

बायोडिझेलचा मार्ग

तेल पातळ करण्याचा दुसरा मार्ग रसायनाचा आहे. मेथेनॉल आणि कॉस्टिक सोडा यांच्या साहाय्याने तेलाचा रेणू तोडून त्यातून ग्लिसरीन वेगळे काढले की जे उरते ते बायोडिझेल, आणि त्याचा दाटपणा डिझेलच्या जवळ येतो, त्यामुळे दुसरी टाकी लागत नाही. एक लिटर तेलाला २०० मिलिलिटर मेथेनॉल आणि साडेतीन ग्रॅम सोडा, अधिक हळदीच्या चाचणीत जितके मिलिलिटर लागले तितके ग्रॅम सोडा, हे त्याचे प्रमाण. सोडा आधी मेथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवतात, ते मिश्रण ५५ अंशांच्या तेलात घालून बंद भांड्यात तासभर ढवळतात आणि रात्रभर ठेवतात. तळाशी गडद ग्लिसरीन बसते. वरचा भाग काढून पाण्याने तीन-चारदा हळुवार धुऊन वाळवतात. तीन मिलिलिटर बायोडिझेल २७ मिलिलिटर मेथेनॉलमध्ये हलवल्यावर तळाशी तेलाचा थेंब उरला नाही, तर काम पूर्ण झाले.

हे मी सांगितले ते समजावे म्हणून. घरात करावे म्हणून नाही. मेथेनॉल श्वासातून आणि कातडीतून शरीरात जाते, थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाते, त्याची ज्योत दिवसा दिसत नाही आणि ६५ अंशांच्या आतच ते उकळते. महाराष्ट्रात ते विषारी पदार्थांच्या नियमांखाली येते व बाळगायला परवाना लागतो. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमचे भांडे खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो. ज्याने रसायनाच्या कारखान्यात किंवा प्रयोगशाळेत काम केले आहे, ज्याच्याकडे मोकळे शेड, हातमोजे, चष्मा आणि परवाना आहे, त्यानेच हा मार्ग धरावा. अंगणात मुले खेळत असलेल्या घरी मेथेनॉलचा कॅन आणणे मला मान्य नाही.

नियम आणि उरलेला साका

निव्वळ खाद्यतेल हे आपल्याकडे वाहनाचे मान्य इंधन नाही. बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे मानक आहे आणि डिझेलमध्ये ते ७ टक्क्यांपर्यंत मिसळण्याची मुभा डिझेलच्या मानकातच आहे. तळणीच्या तेलाला असे कुठलेही मानक नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. कासच्या त्या प्रवासापर्यंत मला हे नीट माहीत नव्हते; समजल्यावर मी गाडी मळ्याच्या खासगी वाटेपुरती ठेवली आणि लेखी विचारणा केली. गाडी सांगलीची (एमएच-१०) असो वा साताऱ्याची (एमएच-११), दुसरी टाकी बसवण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावे, आणि लेखी होकार मिळेपर्यंत सार्वजनिक रस्त्यावर तेल वापरू नये. तयार केलेले इंधन दुसऱ्याला विकणे हा तर वेगळाच, परवान्याचा विषय आहे.

साका गटारात ओतू नये. तो थिजून गटार तुंबवतो आणि पावसात कृष्णेला जाऊन मिळतो. मी तो लाकडाच्या भुशात कालवून चुलाणाला देतो. पिंप पुसलेल्या चिंध्यांची मात्र विशेष काळजी घ्यावी : तेलात भिजलेल्या सुती चिंध्या ढिगाने पडल्या तर हवा लागून आपोआप तापतात आणि आगीची ठिणगी नसतानाही पेट घेतात, विशेषतः सोयाबीन तेलाच्या. त्या एकेक करून दोरीवर उघड्यावर वाळवाव्यात, किंवा झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात, आणि तो डबा गाडीपासून व पिंपापासून लांब असावा.